पायरेटेड मजकुराचे दुवे: समूहाची जबाबदारी नेमकी कोठून सुरू होते?

कोरा कागद (धागाकर्ता)

पुस्तके, चित्रपट, संगीत किंवा सॉफ्टवेअर यांविषयी चर्चा चालणाऱ्या कोणत्याही ऑनलाइन समूहात "याची पीडीएफ कोणाकडे आहे का?" हा प्रश्न वारंवार येतो. त्याखाली थोड्याच वेळात कोणीतरी दुवा चिकटवतो, मग आभाराचे प्रतिसाद पडू लागतात आणि मूळ चर्चा बाजूला राहते. दुवा देणाऱ्याचा हेतू बहुधा मदतीचाच असतो आणि मागणाराही कोणाचे नुकसान करायचे म्हणून आलेला नसतो. फाइल तर समूहाच्या सर्व्हरवर नसतेच. ती भलत्याच ठिकाणी, भलत्याच कोणीतरी चढवलेली असते. अशा वेळी समूह चालवणाऱ्यांनी काय करावे आणि का करावे, याची नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

"फाइल आमच्याकडे नाही, आम्ही फक्त पत्ता सांगितला" हा बचाव सर्वांत आधी पुढे येतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. हा बचाव अगदीच पोकळ आहे असे नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१४ रोजी स्वेन्सन प्रकरणात असे ठरवले, की हक्कधारकाच्या संमतीने जालावर सर्वांसाठी खुला असलेल्या मजकुराचा दुवा देणे म्हणजे तो मजकूर नव्या लोकांपर्यंत पोहोचवणे नव्हे, आणि म्हणून त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. परंतु मजकूर मुळातच संमतीवाचून ठेवलेला असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच न्यायालयाने ८ सप्टेंबर २०१६ रोजी जीएस मीडिया प्रकरणात दिले आणि ते प्रत्येक समूहचालकाने वाचावे असे आहे. नेदरलँड्समधील एका संकेतस्थळाने, एका मासिकात छापून येण्यापूर्वीच फुटलेल्या छायाचित्रांचा दुवा दिला होता. प्रकाशकाने सांगूनही त्या संकेतस्थळाने दुवा काढला नाही. ज्या ठिकाणी छायाचित्रे ठेवली होती तेथून ती काढली गेली, तेव्हा नवे दुवे आले आणि पुढे तर त्या संकेतस्थळाच्या चर्चामंचावरील सदस्यच इतर ठिकाणचे दुवे शोधून देऊ लागले. न्यायालयाने निकष धरला तो जाणिवेचा. नफ्याचा हेतू नसताना दुवा देणाऱ्याला मजकूर बेकायदा असल्याची सहसा कल्पना नसते, असे मानावे. त्याला तसे कळवल्यानंतर मात्र ही सबब उरत नाही. आणि जो नफ्यासाठी दुवे देतो त्याने ते तपासूनच दिले, असे गृहीत धरावे.

इतर देशांतील कायदे वेगवेगळ्या वाटांनी जवळपास याच ठिकाणी येऊन पोहोचतात. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यातील कलम ५१२ मध्ये दुवे आणि सूची पुरवणाऱ्यांसाठी स्वतंत्र पोटकलम आहे. उल्लंघनाची प्रत्यक्ष माहिती नसेल, ते उघड दिसावे अशी परिस्थिती नसेल, आणि सूचना मिळताच दुवा तत्परतेने काढला असेल, तर संरक्षण मिळते. त्याच कायद्यात असेही स्पष्ट केले आहे, की हे संरक्षण मिळवण्यासाठी सगळ्या मजकुरावर सतत पाळत ठेवण्याची सक्ती नाही. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५२ मध्ये दुवे पुरवण्याच्या ओघात होणाऱ्या प्रासंगिक साठवणुकीला सूट आहे. परंतु प्रत बेकायदा असल्याची जाणीव असेल किंवा तसे मानायला वाजवी कारण असेल, तर ती सूट जाते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यम संकेतस्थळाच्या प्रकरणात हे आणखी नेमके केले: "आपल्याकडे कोठेतरी असे काही असेल" ही मोघम कल्पना म्हणजे जाणीव नव्हे, विशिष्ट मजकुराची विशिष्ट माहिती मिळाली पाहिजे.

यावरून माझे मत असे बनले आहे, की समूहाने प्रत्येक प्रतिसादावर आधीच चाळणी लावावी, ही अपेक्षा चुकीची आहे. फुकट वेळ देणाऱ्या चार स्वयंसेवकांना ते झेपणारे नाही, आणि झेपवायचे म्हणून यंत्राला तपासायला लावले तर निरपराध मजकुराचाच बळी अधिक जातो. परंतु एकदा विशिष्ट दुवा निदर्शनास आला, की तेथून पुढची जबाबदारी पूर्णपणे समूहाची आहे आणि ती दुवा पुसल्याने संपत नाही. दुवा सर्व ठिकाणांहून गेला का, तो का काढला हे तेथेच लिहिले का, ज्याचा काढला त्याला कळवले का, आणि हाच नियम जुन्याजाणत्या सदस्यालाही लावला का, या चार गोष्टींत बहुतेक समूह कमी पडतात. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नवख्या सदस्याचा प्रतिसाद तासाभरात उडतो आणि ज्याच्या लेखनावर समूहाची वर्दळ टिकून आहे त्याचा तसाच राहतो, हे एकदा सदस्यांच्या लक्षात आले, की मग नियमावली कितीही उत्तम असली तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आपली मते जरूर मांडावीत. विशेषतः ज्यांचे स्वतःचे काम अशा रीतीने फिरले आहे त्यांनी लिहावे, कारण या चर्चांत वाचकांचा आवाज भरपूर ऐकू येतो आणि लिहिणाऱ्यांचा फारच कमी.

अनुवादिका

कोरा कागद, आपण शेवटी जे आवाहन केले आहे त्यामुळे लिहीत आहे.

मी केलेल्या एका अनुवादाची स्कॅन केलेली प्रत एका समूहात फिरत होती. ती उघडून पाहिली तेव्हा पहिले पान थेट पहिल्या प्रकरणाचे होते. मुखपृष्ठाच्या आतले पान, ज्यावर मूळ लेखकाच्या नावाखाली माझे नाव होते, आणि त्यामागचे प्रताधिकाराचे पान, ही दोन्ही स्कॅन करणाऱ्याने वगळली होती. दुवा देणाऱ्याने वर "मूळ लेखकाची शैली किती ओघवती आहे पाहा" असे कौतुकही लिहिले होते. ज्या वाक्यांचे ते कौतुक होते ती मी महिनोन्‌महिने घासूनपुसून लिहिली होती. पैशाचे नुकसान झाले ते झालेच, कारण अनुवादकाचे मानधन आवृत्तीच्या विक्रीशी बांधलेले असेल तर दुसरी आवृत्ती न निघणे म्हणजे उत्पन्न थांबणे. पण आपले नावच कापून टाकलेले पाहणे हे त्याहून जिव्हारी लागणारे होते. प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात अनुवादाला मूळ कृतीप्रमाणेच स्वतंत्र संरक्षण आहे आणि कर्त्याचे नाव त्याच्या कृतीशी जोडलेले राहण्याचा नैतिक हक्कही त्या करारात वेगळा मान्य केलेला आहे. हे दोन्ही हक्क एकाच फाइलने एकाच वेळी मोडले होते.

मी चालकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्यांनी अनुवाद माझाच असल्याचा पुरावा मागितला, आणि त्यात मला काहीही गैर वाटले नाही; मी कराराचे पहिले पान पाठवले. त्यांनी मूळ प्रतिसादातील दुवा त्याच दिवशी काढला. परंतु त्या प्रतिसादाला उत्तर देताना काही सदस्यांनी तो जसाच्या तसा अवतरणात घेतला होता आणि त्या अवतरणांमधील दुवा चालूच होता. मी पुन्हा लिहिले, तर "आम्ही काढला आहे" असे उत्तर आले. वरचा प्रतिसाद पाहून त्यांना ते खरेच वाटत होते. खाली उतरून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. मला अवतरणांचे क्रमांक एकेक करून द्यावे लागले.

दरम्यान त्या धाग्यावर चर्चा अशी चालली होती, की लेखकांनी कोते मन सोडावे, फुकट वाचणारे पुढे विकत घेतातच, आणि ही एक प्रकारची प्रसिद्धीच आहे. मला हे नम्रपणे सांगायचे आहे, की आपल्या कामाची प्रसिद्धी कशी करावी हे ठरवण्याचा अधिकारही प्रताधिकाराचाच भाग आहे. ज्यांना पुस्तक मोफत द्यायचे असते ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली देतात; ही सोय २००२ पासून उपलब्ध आहे आणि ती आनंदाने वापरणारे माझे स्नेही आहेत. मी ती निवडली नव्हती.

वाटसरू

अनुवादिकाताईंचा अनुभव वाचून वाईट वाटले आणि त्यांच्या बाबतीत जे झाले ते चूकच होते. तरीही मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते, कारण सगळे दुवे एका मापाने मोजता येत नाहीत.

एखादे पुस्तक कित्येक वर्षांत छापले गेलेले नाही, प्रकाशनसंस्था बंद झाली आहे, लेखक हयात नाही, वारस कोण हे कोणाला ठाऊक नाही आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारातही प्रत मिळत नाही. अशा पुस्तकाची एक प्रत कोणा वाचकाने पदरमोड करून, पानेन्‌पाने सरळ करून स्कॅन केली आणि जालावर ठेवली, तर कोणाचे नेमके काय गेले? उलट ते पुस्तक नष्ट होण्यापासून वाचले. हीच गोष्ट संशोधनपर लेखांची. लेख लिहिणाऱ्याला त्यातून एक पैसा मिळत नाही, तपासणाऱ्यालाही मिळत नाही, आणि ज्या विद्यापीठाची वर्गणी भरण्याची ऐपत नाही तेथील विद्यार्थ्याने मात्र प्रकाशकाला भरमसाट शुल्क द्यावे, हा न्याय कसला? अशा दुव्यांवर घाव घालणारा समूह कायद्याचे पालन करत असेल, पण ज्ञानाची सेवा करतो असे मी म्हणणार नाही.

कोरा कागद (धागाकर्ता)

वाटसरू, आपण मांडलेला मुद्दा गंभीर आहे आणि तो बाजूला सारण्याचा माझा विचार नाही. हक्कधारक सापडतच नाही अशा कृतींचा प्रश्न इतका खरा आहे, की युरोपीय संघाने २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र निर्देश काढला. त्यानुसार ग्रंथालये, शिक्षणसंस्था आणि अभिलेखागारे यांनी कसोशीने शोध घेऊन हक्कधारक न सापडल्यास अशा कृतींचे डिजिटायझेशन करून त्या उपलब्ध करून देता येतात. येथे "कसोशीने शोध घेऊन" हे शब्द महत्त्वाचे आहेत. समूहात दुवा देणाऱ्याने असा शोध क्वचितच घेतलेला असतो. पुस्तक पहिल्या दोन दुकानांत मिळाले नाही, की ते "कोठेच मिळत नाही" असे आपण सहज म्हणून जातो. पुस्तक छापले जात नाही याचा अर्थ त्यावर कोणाचा हक्क नाही असा होत नाही. अनेक करारांत आवृत्ती संपून ठराविक काळ गेला की हक्क लेखकाकडे परत जातात आणि लेखक किंवा वारस नवा प्रकाशक शोधत असतो. नेमक्या त्याच वेळी फुकट प्रत सर्वत्र असेल तर नवा प्रकाशक हात आखडता घेतो.

म्हणून अशा पुस्तकाचा दुवा मी काढेन, पण धागा काढणार नाही. कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे, वारसांशी कोणाचा संपर्क आहे, किती जणांना नवी आवृत्ती हवी आहे, ही चर्चा जितकी वाढेल तितकी चांगली. "धागा उडवला" आणि "दुवा काढला" या दोन कृतींत फार अंतर आहे, आणि घाबरलेले चालक पहिली कृती करून मोकळे होतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

संशोधनपर लेखांच्या बाबतीत मी आपल्याशी अर्ध्याहून अधिक सहमत आहे, आणि म्हणूनच तेथे बेकायदा दुव्याची गरज किती कमी उरली आहे हे सांगावेसे वाटते. भौतिकशास्त्र आणि गणित या विषयांतील लेखांच्या पूर्वप्रती १९९१ मध्ये सुरू झालेल्या अर्काइव्ह या संकेतस्थळावर खुल्या आहेत. वैद्यकीय लेखांसाठी पबमेड सेंट्रल २००० पासून चालू आहे. अनपेवॉल हे साधन लेखाची कायदेशीर मोफत प्रत कोठे आहे ते शोधून देते. लेखकाला दोन ओळींची विनंती पाठवली तर बरेचसे संशोधक आपला लेख आनंदाने पाठवतात. दुवा काढताना चालकाने त्या जागी यांपैकी लागू पडणारा पर्याय लिहिला, तर मागणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याला चोर ठरवले असे वाटत नाही आणि त्याचे कामही अडत नाही.

तंत्रवेल

चर्चा कायद्याची आणि नीतीची चालली आहे, त्यात थोडी प्रत्यक्ष कामाची भर घालते. नियम केला, की दुवे लगेच वेष पालटतात. लघुदुव्यामागे खरा पत्ता लपवला जातो. पत्ता चित्रात लिहिला जातो किंवा क्यूआर कोडच्या रूपात दिला जातो, म्हणजे शोधयंत्राला आणि गाळणीला तो दिसत नाही. टिंबाच्या जागी "डॉट" असे अक्षरात लिहिले जाते. काही जण संदेश-अ‍ॅपवरील चॅनेलचे नुसते नाव सांगतात आणि काही जण "व्यनि केला आहे" एवढेच लिहितात. शेवटच्या दोन प्रकारांत उघड्या पानावर काढण्याजोगा दुवाच नसतो. माझ्या मते चॅनेलचे नाव हा दुवाच समजावा. खासगी निरोप मात्र चालकांनी उघडून वाचू नयेत. तक्रार आली तर त्या निरोपापुरतेच पाहावे. सदस्यांच्या खासगी बोलण्यात डोकावणारा समूह पायरसी थांबवण्याच्या नादात त्याहून मोठी गोष्ट गमावतो.

दुसरी गोष्ट सुरक्षेची आहे आणि ती प्रताधिकाराविषयी कोणाचे काहीही मत असले तरी लागू पडते. सशुल्क सॉफ्टवेअरची फोडलेली प्रत म्हणून जो दुवा दिला जातो त्यामागे अनेकदा सांकेतिक शब्दाने बंद केलेली झिप फाइल असते आणि तो सांकेतिक शब्द प्रतिसादातच दिलेला असतो. फाइल अशी बंद करण्याचे कारण असे, की अँटिव्हायरसला आतले काही तपासता येऊ नये. त्याखाली "स्थापित करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच धोका दाखवतो" अशी सूचना असते. ही सूचना पाळणारा वाचक आपल्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देत असतो. बँकेचे तपशील आणि ब्राउझरमध्ये साठवलेले सांकेतिक शब्द चोरणारे प्रोग्रॅम पसरवण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे. असा दुवा दिसताच मी हक्कधारकाच्या तक्रारीची वाट पाहणार नाही, कारण येथे ज्याचे नुकसान होणार आहे तो आपलाच सदस्य आहे.

कायद्याचा विद्यार्थी

वरील सर्व चर्चेत एक धोका राहून गेला आहे, तो म्हणजे खोट्या तक्रारींचा. प्रताधिकाराची तक्रार हे नको असलेला मजकूर गप्प करण्याचे अतिशय सोयीचे हत्यार झाले आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन क्लाइन केंद्रातून चालणाऱ्या ल्युमेन या प्रकल्पात अशा तक्रारींचा मोठा संग्रह आहे आणि त्यातून गैरवापराची एक ठरलेली पद्धत उघडकीस आली आहे. ज्या बातमीत आपल्यावर आरोप आहेत ती बातमी उचलून दुसऱ्या एका संकेतस्थळावर मागची तारीख टाकून प्रसिद्ध करायची आणि मग मूळ बातमीच चोरीची आहे अशी तक्रार करायची. तक्रार पोहोचताच डोळे मिटून दुवा काढणारा समूह अशा लोकांच्या कामी येतो.

म्हणून तक्रारीचा नमुना काटेकोर हवा. अमेरिकी कायद्याप्रमाणे तक्रारीत कोणती कृती, कोणता मजकूर, तो नेमका कोठे आहे, तक्रारदाराचा संपर्क, मजकूर अनधिकृत असल्याची प्रामाणिक समजूत, आणि आपण हक्कधारक किंवा त्याचे प्रतिनिधी आहोत हे शपथपूर्वक कथन असावे लागते. जाणूनबुजून खोटे विधान करणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. भारतातील २०१३ च्या प्रताधिकार नियमांतील नियम ७५ त्याहून पुढे जातो. तक्रारदाराने मालकीचा तपशील द्यायचा असतो आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमीही लिहून द्यायची असते. तक्रारीने समाधान झाल्यास मजकूर ३६ तासांच्या आत रोखायचा असतो, पण २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. याच नियमात, मजकूर का रोखला आहे याची कारणे तो पाहायला येणाऱ्यांना दिसतील अशी सूचना लावण्याचीही तरतूद आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात तर मजकूर काढताना संबंधित व्यक्तीला कारणे स्पष्टपणे कळवण्याचे बंधन आहे. धागाकर्त्यांनी कारण तेथेच लिहिण्याचा जो आग्रह धरला आहे तो केवळ सौजन्याचा भाग नाही, हे यावरून लक्षात यावे.

एखाद्या पुस्तकावर टीका करताना त्यातील दोन परिच्छेद उद्धृत करणे, परीक्षणात चित्रपटातील एक स्थिरचित्र वापरणे, हे समीक्षेच्या न्याय्य वापरात बसू शकते. तक्रार आली तरी अशा मजकुराच्या बाजूने उभे राहणे हीसुद्धा समूहाची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडायला दुवा काढण्यापेक्षा अधिक धैर्य लागते.

अक्षरमित्र

पूर्ण सहमत. फक्त एक शंका आहे. प्रताधिकारमुक्त पुस्तकांचे दुवे काही समूहांत सरसकट उडवले जातात. लेखक जाऊन कितीतरी वर्षे झाली असताना असे का व्हावे?

कोरा कागद (धागाकर्ता)

अक्षरमित्र, याचे एक कारण चालकांची घाई हे आहे, आणि दुसरे कारण असे, की "प्रताधिकारमुक्त" हे देशागणिक बदलते. बर्न करारात किमान मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षे आहे, भारतात ती ६० वर्षे आहे आणि युरोपीय संघात ७०. जॉर्ज ऑर्वेल यांचे निधन १९५० च्या जानेवारीत झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन भारतात २०११ च्या आरंभी मुक्त झाले, ब्रिटनमध्ये २०२१ च्या आरंभी, आणि अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षे धरली जात असल्यामुळे त्यांची १९४९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी तेथे २०४४ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. म्हणजे एकच दुवा एका सदस्यासाठी निर्धोक आणि दुसऱ्यासाठी बेकायदा असू शकतो. त्यात अनुवादिकाताईंनी सांगितलेला मुद्दा मिळवा: मूळ कृती मुक्त झाली तरी तिचा अलीकडचा अनुवाद, नव्याने लिहिलेली प्रस्तावना किंवा टिपा मुक्त झालेल्या नसतात.

अशा वेळी संशयाचा फायदा दुवा देणाऱ्याला द्यावा, पण त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: ही कोणती आवृत्ती आहे आणि ती कोणत्या देशात मुक्त आहे. ज्याने खरोखर पाहून दुवा दिला आहे त्याला हे लिहायला वेळ लागत नाही.

वाटसरू

कायद्याच्या विद्यार्थ्यांचा प्रतिसाद वाचून माझे अर्धे आक्षेप मावळले. न सापडणाऱ्या पुस्तकांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. जी पुस्तके कोणीच छापणार नाही ती कोणीतरी जपली पाहिजेत आणि सर्वच ठिकाणी ते काम ग्रंथालये करत नाहीत. तरी दुवा काढून धागा ठेवण्याची पद्धत मला मान्य होण्यासारखी आहे. जे समूह वर्षानुवर्षे चालू आहेत त्यांनी जुन्या धाग्यांचे काय करावे? तेथील बहुतेक दुवे आता मृत आहेत, मग त्यांना हात लावण्याची गरज आहे का?

तंत्रवेल

गरज आहे आणि ती नव्या दुव्यांपेक्षाही अधिक असू शकते. फाइल गेली म्हणून पत्ता मेला असे नसते. डोमेनची मुदत संपली, की ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि ज्या नावाकडे जुन्या चर्चांतून अजूनही वाचक येत आहेत ती नावे हेरून घेणारे लोक आहेत. काल जेथे पुस्तकाची फाइल होती तेथे उद्या जुगाराचे पान किंवा फसवणुकीचा अर्ज असू शकतो.

सर्व जुने धागे हाताने वाचत बसणे शक्य नाही, म्हणून फाइल साठवणाऱ्या ज्या डोमेनचे दुवे वारंवार आलेले दिसतात त्यांची यादी करून समूहाच्या विदागारात (डेटाबेसमध्ये) शोध घ्यावा. अवतरणे आणि सदस्यांच्या स्वाक्षऱ्या यांतही शोधावे, कारण स्वाक्षरीत ठेवलेला एक दुवा त्या सदस्याच्या प्रत्येक प्रतिसादाखाली उमटतो. सापडलेला पत्ता काढून त्या जागी "अनधिकृत प्रतीचा दुवा काढला" एवढे वाक्य आणि तारीख ठेवावी, बाकी प्रतिसादाला हात लावू नये. जो सदस्य आता समूहात नाही त्याला कळवता येणार नाही. तेथे ते वाक्यच पुरेसे मानावे.